गणित आणि समुद्र, दोन्ही एकाच वहीत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की कुमारवयीन मुलांच्या शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. त्यांत ‘गणित आणि सागरी विज्ञान’ अशी जोडी आता दिसू लागली आहे. तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी यापेक्षा चांगली जोडी आम्हाला सुचत नाही. मात्र कागदावरची ही जोडी प्रत्यक्षात फार वेळा फुटते. सकाळी वर्गात गणिताचा तास होतो, दुपारी किनाऱ्यावर फेरफटका, आणि सकाळच्या वहीतला एकही आकडा दुपारी समुद्रावरून आलेला नसतो. मूल परत येते ते चार शिंपले आणि एक प्रमाणपत्र घेऊन. असे होऊ नये म्हणून पालकांनी काय विचारावे, मुलांनी काय तयारी करावी आणि शिबिर घेणाऱ्यांनी काय टाळावे, हे जरा सविस्तर लिहीत आहोत.

पहिली कसोटी वेळापत्रकाची. रोज ‘१० ते १२ किनारा’ असे छापलेले असेल तर आखणी करणाऱ्याने भरती-ओहोटीचे कोष्टक उघडलेले नाही, हे नक्की समजावे. चंद्राचा दिवस सुमारे २४ तास ५० मिनिटांचा असतो. त्यामुळे ओहोटी रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते. पहिल्या दिवशी पूर्ण ओहोटी सकाळी सहाला असेल तर सातव्या दिवशी ती अकराच्या आसपास येते. चांगल्या शिबिराचे वेळापत्रक त्यामुळे रोज वेगळे असते, आणि एखाद्या दिवशी मुलांना पहाटे पाचला उठवणारे असते. खडकावरचे काम पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी सुरू करावे, पाणी उतरेल तसे त्याच्यामागे खाली जावे आणि ते वळले की माघारी फिरावे.

तारखाही अशाच निवडाव्या लागतात. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण असते. तेव्हा पाणी सर्वांत खाली जाते आणि एरवी न दिसणारा खालचा पट्टा उघडा पडतो. मधल्या आठवड्यात भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी, तेव्हा हा पट्टा पाण्याखालीच राहतो. दहा दिवसांचे शिबिर उधाणाच्या दोन दिवस आधी सुरू झाले तर पहिले पाच-सहा दिवस खडकावर आणि पुढचे दिवस होडीवर व सूक्ष्मदर्शकापाशी, अशी नैसर्गिक वाटणी होते. भांगात प्रवाह मंद असल्याने जाळी ओढणे, तबकडी पाण्यात सोडणे ही कामेही तेव्हाच नीट होतात. भांगात सुरू होणारे पाच दिवसांचे शिबिर किनाऱ्याच्या कामासाठी जवळजवळ वाया गेले, असेच आम्ही म्हणू.

भरती-ओहोटीचे हे कोष्टक म्हणजेच शिबिरातला गणिताचा पहिला धडा. नावाड्यांचा एक जुना ठोकताळा आहे: ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ बारांश, म्हणजे भरती-ओहोटीतल्या एकूण तफावतीचे इतके बारावे भाग, चढते. तफावत ३ मीटर असेल तर पहिल्या तासात २५ सेंटिमीटर, दुसऱ्यात ५० आणि तिसऱ्यात ७५. आता हेच मुलांना कोसाइनच्या वक्रावरून काढायला लावावे. उत्तर येते २०, ५५ आणि ७५. ठोकताळा कुठे जुळतो, कुठे चुकतो आणि तरी कामाला का पुरतो, यावर एक अख्खी दुपार जाते, आणि ती सार्थकी लागते. शिवाय तिसऱ्या तासात पाणी एवढे झपाट्याने का येते आणि खडकावर अडकण्याचे प्रसंग तेव्हाच का येतात, हे मूल स्वतः काढलेल्या आकड्यातून शिकते. सूचनाफलकापेक्षा हे जास्त लक्षात राहते.

पुढे जायचे तर चंद्राची लाट १२.४२ तासांची आणि सूर्याची १२ तासांची, एवढेच दोन वक्र आलेखकागदावर काढून बेरीज करावी. सुमारे पावणेपंधरा दिवसांनी दोघांचे माथे पुन्हा एकत्र येतात आणि उधाण-भांग डोळ्यांसमोर उभे राहतात. विल्यम थॉमसन यांनी, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन झालेल्या शास्त्रज्ञांनी, १८७२ च्या सुमारास कप्प्या आणि दोरी वापरून असे अनेक वक्र एकत्र मिळवणारे यंत्र बनवले. संगणक येईपर्यंत बंदरांची कोष्टके अशाच यंत्रांवर तयार होत. पंधरा वर्षांच्या मुलाला त्रिकोणमिती ‘कशासाठी’ याचे उत्तर इथे मिळते. मात्र प्रत्यक्ष पाणी आणि कोष्टक यांत फरक पडला की मुले गोंधळतात, म्हणून आधीच सांगावे: हवेचा दाब १ मिलिबारने उतरला तर समुद्र सुमारे १ सेंटिमीटर वर येतो, आणि किनाऱ्याकडे वाहणारा वारा पाणी आणखी चढवतो. कोष्टकातली उंची कोणत्या शून्यापासून मोजली आहे तेही पाहावे लागते.

आता खडकावरचे मुख्य काम, म्हणजे मोजणी. ५० सेंटिमीटर बाजूची चौकोनी चौकट, तिला दर १० सेंटिमीटरवर आडव्या-उभ्या दोऱ्या, म्हणजे आत २५ घरे, प्रत्येक घर ४ टक्क्यांचे. शेवाळ आणि बार्नेकल (खडकाला कायमचे चिकटून राहणारे कवचधारी प्राणी) घरांवरून टक्क्यांत मोजायचे, गोगलगायी एकेक करून. चौकट कुठे ठेवायची हा खरा प्रश्न आहे. पाठ फिरवून ती मागे फेकायची पद्धत अनेक ठिकाणी अजून चालते आणि ती चूक आहे. फेकणारा नकळत सपाट, सोयीच्या जागी फेकतो, आणि फेकलेली चौकट कपारीत कधीच पडत नाही. त्यापेक्षा पाण्याला समांतर ३० मीटरची फीत अंथरावी, यादृच्छिक अंकांच्या तक्त्यातून दोन आकडे घ्यावेत, एक फितीवरचे अंतर आणि दुसरा फितीपासूनचे, आणि येईल तिथे चौकट ठेवावी. ती जागा घसरडी असो की कंटाळवाणी, सुरक्षित असेल तर तीच घ्यायची.

अशा दहा चौकटींत गोगलगायी मोजल्या आणि आकडे आले ०, २, १, ०, ३१, ३, ०, १, १८, ४, असे समजू. बेरीज ६०, सरासरी ६. पण सहाच्या जवळपासची चौकट शोधली तर सापडत नाही. मध्यक येतो दीड. इथे मुलांचा पहिला मोह ३१ खोडण्याचा असतो, कारण ‘तो बाकीच्यांत बसत नाही’. शिक्षकाने तिथेच थांबवावे आणि त्या चौकटीपाशी परत न्यावे. बहुधा तिथे ओलसर भेग असते. ओहोटीत अंग सुकू नये म्हणून गोगलगायी दाटीवाटीने तिथे बसलेल्या असतात. म्हणजे ३१ हा आकडा चूक नव्हे, खरा शोध तोच आहे. आता प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचे माप, काढावे: १०.३. त्याला १० च्या वर्गमुळाने भागले की सरासरीतली चूक सुमारे ३.३. म्हणून उत्तर ‘चौकटीत ६’ असे न लिहिता ‘६, कमीजास्त ३.३’ असे लिहायचे. प्रसरणाला, म्हणजे प्रमाण विचलनाच्या वर्गाला, सरासरीने भागले तर सुमारे १८ येते. प्राणी कसेही विखुरलेले असते तर हा भागाकार १ च्या जवळ आला असता. तो इतका मोठा आला याचा अर्थ ते घोळक्याने राहतात. चूक अर्धी करायची तर चौकटी दुप्पट करून भागत नाही, चौपट कराव्या लागतात. दहाच्या चाळीस. ओहोटीत कामाला मिळतात तर दोनच तास. गट वाढवायचे की पट्टा लहान घ्यायचा, हा निर्णय मुलांनी घ्यावा. सांख्यिकी वर्गात शिकवताना हा पेच कधी जाणवत नाही.

किनाऱ्याचा उतार मोजायला महागडी दुर्बीण लागत नाही. के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये सांगितलेली दोन काठ्यांची रीत आजही उत्तम आहे. दीड-दीड मीटरच्या दोन सारख्या काठ्या, दोघींमध्ये दीड मीटरची दोरी, आणि काठीवर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा, म्हणजे शून्य टोकाला. एक काठी जमिनीकडे, दुसरी समुद्राकडे. जमिनीकडच्या मुलाने डोळा आपल्या काठीला लावून समुद्राकडच्या काठीचे टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचे. ती रेषा आपल्या काठीला जिथे छेदते तो आकडा म्हणजे तेवढ्या अंतरातला उतार. मग दोघांनी एक पाऊल पुढे सरकायचे, मागची काठी बरोबर पुढच्या काठीच्या खड्ड्यात. वाटेत वाळूची उंचवट्याची पट्टी आली तर उलट करावे: आपल्या काठीच्या टोकावरून क्षितिज पाहायचे, आकडा पुढच्या काठीवर वाचायचा आणि उणे चिन्हाने लिहायचा. उणे चिन्ह विसरले की पुढचा सगळा किनारा आलेखात खाली बुडतो, आणि ही चूक जवळपास प्रत्येक गट एकदा करतो.

या रीतीत चुकांचे दोन प्रकार समोरासमोर दिसतात. ६० मीटरचा किनारा म्हणजे ४० वाचने. प्रत्येक वाचनात कधी जास्त, कधी कमी अशी १ सेंटिमीटरची चूक झाली तर शेवटी एकूण चूक ४० च्या वर्गमुळाइतकी, सुमारे ६ सेंटिमीटर. पण मागची काठी त्या खड्ड्यात न ठेवता बाजूला टेकवली आणि पुढची काठी ओल्या वाळूत दर वेळी तिच्यापेक्षा १ सेंटिमीटर जास्त रुतली तर चूक सरळ ४० सेंटिमीटर, कारण ती नेहमी एकाच दिशेची आहे. कितीही जास्त वाचने घेतली तरी अशी चूक मिटत नाही, उलट वाढते. उपाय सोपा: काठीच्या तळाला हाताच्या पंजाएवढी सपाट फळी ठोकावी. आणि पडताळा म्हणून, काम चालू असताना एका नेमक्या मिनिटाला पाण्याची कड कुठे आहे ते टिपावे. मोजणीतून आलेली तिथली उंची कोष्टकाच्या आकड्याशी जुळते का ते संध्याकाळी पाहावे. दहा सेंटिमीटरपर्यंत जुळले तर गटाने उत्तम काम केले असे समजावे.

खुणा करून पुन्हा पकडण्याची पद्धत मुलांना फार आवडते. एका ठरावीक खडकावर ४० गोगलगायींना रंगाचा ठिपका लावला, दुसऱ्या दिवशी ५० वेचल्या, त्यांत १० ठिपकेवाल्या निघाल्या, तर एकूण संख्या ४० गुणिले ५० भागिले १०, म्हणजे २००. लहान नमुन्यात हे सूत्र थोडे जास्त सांगते, म्हणून प्रत्येक आकड्यात एक मिळवून आणि शेवटी एक वजा करून काढायची दुरुस्ती आहे. ती केली तर १८९ येतात. आकडेमोड एवढीच. बिघडते ते खडकावर. ओल्या कवचावर रंग बसत नाही, म्हणून आधी कवच टिपून कोरडे करावे आणि ठिपका वाळेपर्यंत प्राणी सावलीत ठेवावा. ठिपका कवचाच्या वरच्या बाजूला भडक लावला तर पक्ष्यांना आयती खूण मिळते आणि वेचणाऱ्या मुलाच्या नजरेतही तोच आधी भरतो, म्हणून तो कडेला, लहान असावा. खुणा केलेल्या सगळ्या एकाच ठिकाणी परत सोडल्या आणि दुसऱ्या दिवशी तिथेच वेचल्या तर उत्तर हास्यास्पद कमी येते. उलट रात्रीच्या लाटेने खुणावाल्या वाहून नेल्या तर ते फुगते. सूत्रामागे कोणकोणत्या गोष्टी गृहीत धरल्या आहेत, हे पाठ करून कळत नाही. ती गृहीतके अशी एकेक मोडलेली पाहिली की कळतात.

होडीवरच्या कामात पाण्याची पारदर्शकता मोजणारी सेकी तबकडी सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत जास्त शिकवणारी. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये ती समुद्रात वापरून पाहिली. समुद्रासाठी ३० सेंटिमीटरची पांढरी तबकडी, खाली वजन, वर मापाच्या खुणा केलेली दोरी. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी. ती ५ मीटर आली असे धरू. १.७ या ठोकताळ्याच्या आकड्याला ५ ने भागले की ०.३४ हा प्रकाश मंदावण्याचा गुणांक; म्हणजे प्रत्येक मीटरला आधीच्या प्रकाशापैकी ७१ टक्के उरतो. पृष्ठभागाच्या १ टक्का प्रकाश उरेल ती खोली साडेतेरा मीटर. त्याखाली वनस्पती-प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना, जगण्यापुरता प्रकाश जेमतेमच. लॉगॅरिदम शिकायला यापेक्षा चांगले निमित्त नाही: साध्या आलेखकागदावर वक्र येतो, एका अक्षावर लॉग घेतला की सरळ रेघ. वाचने चुकतात ती अशी: कुणी गॉगल काढलेला नसतो, तबकडी उन्हाच्या बाजूने सोडलेली असते आणि चमकेमुळे ती लवकर हरवते, म्हणून सावलीच्या बाजूने सोडावी, दोरी पाण्यापासून मोजायच्या ऐवजी होडीच्या काठापासून मोजली जाते, आणि प्रवाहामुळे दोरी तिरकी जाते. दोरी उभ्या रेषेपासून ३० अंश कलली तर खरी खोली तिच्या लांबीच्या ८७ टक्केच. तो कोन मोजून वहीत लिहायलाच हवा.

प्लवकांच्या जाळीचेही तसेच. ३० सेंटिमीटर व्यासाचे तोंड आणि ५० मीटर ओढ, म्हणजे सुमारे साडेतीन घनमीटर पाणी गाळले. खालच्या बाटलीतले सगळे २०० मिलिलिटरपर्यंत आणून, हलक्या हाताने ढवळून त्यातले १ मिलिलिटर मोजणीच्या काचेवर घ्यायचे. त्यात ४५ कोपेपॉड (प्लवकांतले इवलेसे कवचधारी प्राणी) दिसले तर पूर्ण नमुन्यात ९,०००, आणि घनमीटरला सुमारे २,५५०. पण ४५ या मोजणीतच वर्गमुळाइतकी, म्हणजे जवळपास ७ ची अनिश्चितता आहे, १५ टक्के. म्हणून उत्तर ‘सुमारे २,५००, कमीजास्त ४००’ असेच द्यावे. कॅल्क्युलेटरवर दिसणारे २,५४९.५८ वहीत उतरवणाऱ्या मुलाला प्रेमाने, पण ठामपणे ते खोडायला लावावे. जाळी फार बारीक असेल किंवा पाणी फार दाट असेल तर तिची छिद्रे बुजतात, पाणी आत न जाता बाजूने निघून जाते आणि संख्या कमी भरते. अशा वेळी ओढ लहान ठेवावी. मोजताना जनावरे पळतात, तेव्हा सोडावॉटरचे थोडे थेंब टाकले की ती सुस्तावतात. फॉर्मालिन मुलांच्या हातात देऊ नये.

लाटांसाठी तर घड्याळ पुरते. ठरावीक ठिकाणाहून अकरा माथे मोजले की दहा लाटांचा वेळ मिळतो. दहा माथे मोजून दहाने भागणे ही इथली नेहमीची चूक. दहा लाटांना ८० सेकंद लागले तर एका लाटेला ८ सेकंद. खोल पाण्यात तिची लांबी १.५६ गुणिले ८ चा वर्ग, म्हणजे १०० मीटर, आणि वेग सेकंदाला साडेबारा मीटर. तीच लाट २ मीटर खोलीवर आली की वेग खोली आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका, साडेचार मीटरच्या आत; लांबी ३५ मीटर. आठ सेकंद मात्र आठच राहतात. याच सूत्रात खोली ४,००० मीटर घातली की त्सुनामीचा ताशी ७०० किलोमीटरवरचा वेग मुलांच्या हाती येतो.

पाऊस असेल, समुद्र खवळलेला असेल तर दिवस फुकट जाऊ देऊ नये. त्यासाठी व्होल्टेरा यांचा प्रश्न हाताशी ठेवावा. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी घटली, तेव्हा बाजारात आलेल्या मासळीत मुशी-पाकटांसारख्या शिकारी माशांचे प्रमाण वाढलेले उम्बेर्तो दांकोना यांना दिसले. असे का, हे त्यांचे सासरे, गणिती व्हितो व्होल्टेरा यांनी १९२६ मध्ये समीकरणांनी मांडले. कॅल्क्युलस न येणाऱ्या मुलांनाही हे स्प्रेडशीटवर जमते. लहान मासे दर पावलाला १० टक्के वाढतात. त्यांतून लहान गुणिले मोठे गुणिले ०.००२५ इतके खाल्ले जातात. मोठे मासे १० टक्के मरतात आणि लहान गुणिले मोठे गुणिले ०.०००१ इतके वाढतात. तोल १,००० लहान आणि ४० मोठे इथे बसतो. आता दोन्हींमधून दर पावलाला २ टक्के मासेमारी घाला: तोल १,२०० लहान आणि ३२ मोठे असा सरकतो. मासेमारीमुळे लहान मासे वाढले! युद्धात नेमके याच्या उलट घडले होते. मुले इथे खरोखर चकित होतात. सुरुवात ८०० आणि ४० ने करून हजारेक पावले चालवली तर आलेखातले चक्र दर फेरीला मोठे होत जाते, आणि मुले त्यावरून मासे नष्ट होण्याचे भाकीत करू लागतात. ते माशांचे वागणे नसते, पाऊल मोठे घेतल्याचा तो दोष असतो. पाऊल दहापट लहान केले की चक्र जवळजवळ मिटून येते. प्रतिकृतीतले काय समुद्राचे आणि काय आपल्या आकडेमोडीचे, हा विवेक इथे शिकवला नाही तर तो पुढे पदवीपर्यंत कुणी शिकवत नाही.

तुलनेसाठी न छेडलेली जागा ठेवणे हेही असेच मूलभूत. रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या खडकाच्या एका पट्ट्यातून तारामासे काढत राहून शेजारचा पट्टा तसाच ठेवला. १९६६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार काढलेल्या पट्ट्यातल्या जाती १५ वरून ८ वर आल्या, कारण शिंपल्यांनी जागा व्यापली. शेजारचा पट्टा नसता तर हे हवामानामुळे झाले की तारामाशांमुळे, सांगता आले नसते. शिबिरात असा प्रयोग करू नये, प्राणी काढूच नयेत. पण मुलांच्या प्रत्येक निष्कर्षाला ‘तुमचा शेजारचा पट्टा कोणता?’ हा प्रश्न विचारावा.

येण्याआधी मुलांनी फार अभ्यास करायची गरज नाही. गुणोत्तर, टक्केवारी, सरासरी, आलेखाचा चढ, साइन-कोसाइन यांची ओळख आणि लॉग म्हणजे काय एवढे पुरे. ‘माझे गणित कच्चे आहे’ म्हणून मागे राहणाऱ्या मुलांनी तर जरूर यावे. हातून मोजलेल्या आकड्याशी भांडताना कच्चे गणित पक्के होते. सामानात पेनाऐवजी पेन्सिल आणावी, कारण ओल्या कागदावर पेन उमटत नाही. चपला-सँडल नकोत, बोटे झाकणारे आणि भिजले तरी चालणारे बूट हवेत. शिट्टी, टोपी, कपड्यांचा जादा जोड आणि प्यायचे पाणी बरोबर असावे. होडी लागत असेल तर औषध डॉक्टरांना विचारून आणि होडीत बसण्याच्या आधी घ्यावे. मळमळ सुरू झाल्यावर त्याचा उपयोग होत नाही.

पालकांनी फोनवर पुढील गोष्टी विचाराव्यात, आणि उत्तर चाचपडत आले तर दुसरे शिबिर पाहावे. खडकावर किती मुलांमागे एक प्रौढ असतो? आमच्या मते सहांमागे एक, त्याहून विरळ नको. पाण्याकडे लक्ष ठेवण्याखेरीज दुसरे काहीही काम नसलेला माणूस असतो का? मोजणी शिकवणारा शिक्षकच पाण्यावर नजर ठेवणार असेल तर तो दोन्हीपैकी एक काम करत नाही. परतीची वेळ घड्याळावर आधीच ठरलेली असते का? होडीत प्रत्येकाला मापाचे जीवरक्षक जाकीट मिळते का? दोन मुलांत एक सूक्ष्मदर्शक आहे का? किनाऱ्यावरच्या एका तासामागे टेबलाशी किती तास दिलेत? हा शेवटचा प्रश्न पालक क्वचितच विचारतात. एकाला दोन हे प्रमाण योग्य. उलटे असेल तर ती सहल आहे.

किनाऱ्यावरचे दोन नियम शिबिराने तोंडपाठ करून घ्यावेत. उलटलेला दगड हळूच, होता तसा परत ठेवायचा. उघडा राहिला तर खालचे प्राणी उन्हाने आणि वरचे शेवाळ अंधाराने मरते. आणि शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा शंख दिसला तर त्याला हात लावायचा नाही. कोन जातीच्या काही गोगलगायींचा विषारी दंश माणसाचा जीव घेऊ शकतो आणि तो दंश शंखाच्या टोकाकडून कुठल्याही बाजूला पोचतो. खिशात तर तो मुळीच टाकू नये.

शिबिर घेणाऱ्यांना आमची एक विनंती आहे. मोजणीच्या मूळ वह्या, खाडाखोडीसकट, जपून ठेवाव्यात. मुलाला मूळ वही द्यावी, प्रत स्वतःकडे ठेवावी. सुबक उतरवलेल्या तक्त्यात चूक कुठे झाली ते शोधता येत नाही, मूळ पानावर सापडते. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, ठिकाण, मोजणाऱ्याची आद्याक्षरे आणि एकक असावे. उताराची मोजणी दर वर्षी त्याच बिंदूपासून सुरू व्हावी. फोनवरचे स्थान काही मीटर चुकते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये. पक्क्या भिंतीचा कोपरा किंवा न हलणारा कातळ निवडून त्याचे दोन दिशांनी फोटो आणि कंपासवरची दिशा वहीत नोंदवावी. काठीवरचा शून्य कुठे धरला तेही लिहावे. एवढे केले तर यंदाच्या मुलांनी काढलेला किनारा पुढच्या वर्षीच्या मुलांना आपल्या आलेखावर ठेवून पाहता येईल, आणि किती वाळू गेली किंवा आली ते घनमीटरमध्ये सांगता येईल.

आपले,
कुमारवयीन मुलांना गणित आणि सागरी विज्ञान शिकवणारे काही शिक्षक